सर्दी-खोकल्यानं झोपत नसलेल्या लहान मुलाला रात्री गुंगी येणारं सर्दीचं औषध दिलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, तीन रात्री सर्दी-खोकल्यानं घरात कुणाचा डोळा लागलेला नाही. शेजारच्या वहिनींकडं त्यांच्या मोठ्या मुलाचं सर्दीचं सिरप उरलंय आणि त्या म्हणतात, अर्धा चमचा पाजा, सकाळपर्यंत उठणार नाही. देऊ का?

देऊ नका. वहिनींनी स्वतःच्या मुलाला दिलं असेल, काही झालंही नसेल, तरी नको.

मी निपाणीत मेडिकलच्या काउंटरवर अकरा वर्षं उभी आहे, डी. फार्म झालंय. पावसाळ्यात रात्री साडेआठ-नऊला, शटर अर्धं खाली ओढल्यावर येणारं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. वखारीत दिवसभर तंबाखू झाडून, घरचा स्वयंपाक उरकून, पोराला पदराखाली घेऊन आलेली बाई. ताप आहे का विचारलं की म्हणते, "ताप न्हाई ओ, पण झोपतच न्हाई. गुंगीचं कायतरी द्या की." चिक्कोडीकडची असली तर कानडीत, "निद्दि बरो औषध कोड्री." भाषा दोन, मागणी एकच. तिला सकाळी आठला वखारीत हजर राहायचं असतं, नाहीतर हजेरी बुडते. ती वाईट आई नसते. तिला झोप हवी असते, आणि ती मागण्यात काही गैर नाही. फक्त झोप हवी असते तिला आणि औषध जातं पोराच्या पोटात, एवढं लक्षात ठेवायचं.

आता त्या बाटलीत काय असतं ते सांगते. बहुतेक सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. काहींत डायफेनहायड्रामिन, काहींत प्रोमेथाझिन. ही सगळी 1940 च्या दशकापासूनची जुनी अँटिहिस्टामिन्स. मेंदूत हिस्टामिन नावाचं रसायन माणसाला जागं ठेवायचं काम करतं. ही जुनी औषधं मेंदूत शिरतात आणि ते काम अडवतात, म्हणून गुंगी येते. म्हणजे झोप हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. सर्दीचा विषाणू जागच्या जागीच असतो. वर ही औषधं शेंबूड आणि कफ वाळवतात. वाळलेला कफ लहान मुलाला बाहेर काढता येत नाही, त्यामुळं नाक अजून गच्च होतं.

आणि झोप तरी लागते का? अमेरिकेत 2006 मध्ये 6 ते 15 महिन्यांच्या, रात्री सारखी उठणाऱ्या 44 बाळांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना डायफेनहायड्रामिन, निम्म्यांना नुसतं गोड पाणी म्हणा. फरक काहीच दिसला नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याआधी 2004 मध्ये खोकणाऱ्या 100 मुलांवर केलेल्या अभ्यासातही तेच निघालं, मुलांची झोप सुधारली नाही आणि आईबापांचीही नाही. काही पोरं तर उलटी वागतात. गुंगी यायच्या ऐवजी डोळे तारवटतात, भिंतीवर चढायला बघतात, पहाटे तीनपर्यंत खिदळतात. "तुमच्या औषधानं पोराला भूत लागलं" म्हणून एकदा एक आजोबा बाटली परत घेऊन आले होते. भूत नव्हतं, लहान मुलांमध्ये या औषधाचा हा ओळखीचा परिणाम आहे.

पण मी नको म्हणतेय ते या आकड्यांमुळं कमी आणि माझ्या घरातल्या एका रात्रीमुळं जास्त.

माझा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा. नाक चोंदलेलं, दुसरी रात्र. पुतण्याला आदल्या वर्षी लिहून दिलेलं सिरप फडताळात होतं. काउंटरवर दिवसभर दुसऱ्यांना नको म्हणणारी मी, दुकान बंद करून साडेनऊला घरी आले, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात टोपणात अडीच मिली मोजलं आणि पाजलं. पोर झोपलं. ताटावर बसले तर सासूबाई म्हणाल्या, "आज शहाण्यासारखं झोपलं बघ. आठलाच एक चमचा पाजलं होतं मी."

कुठला चमचा? पोह्यांचा. दुसऱ्या दिवशी मी तो पाण्यानं भरून मापाच्या टोपणात ओतून बघितला, 8 मिलीला जरासं कमी.

घास तसाच ठेवून आत गेले. उचलला तर मान मागं गेली. तळपायाला टिचकी मारली, पाय थोडा आखडला, डोळे उघडले नाहीत. छातीवर हात ठेवून, नवऱ्याच्या मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले, सतरा. पुन्हा मोजले, पुन्हा सतरा. एरवी झोपेत पंचवीसच्या आसपास असायचे. शेजाऱ्यांची व्हॅन काढून दवाखाना गाठला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बाटली आणलीय?" नव्हती आणली. मेडिकलवाली बाई, आणि बाटली घरी. नवरा भर पावसात परत गेला. बाटली येईपर्यंत मला नाव तेवढं सांगता आलं, कुठलं औषध किती मिलिग्रॅम ते खात्रीनं सांगता येईना. सकाळपर्यंत बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावून नजरेखाली ठेवलं, साताला उठून त्यानं दूध मागितलं. काही झालं नाही. पण ती रात्र मी कुणाला देणार नाही.

सासूबाईंचा दोष नव्हता. दोन माणसं एकाच पोराला प्रेमानं पाजतात आणि एकमेकांना सांगत नाहीत, अशा घटना काउंटरवर मला दर पावसाळ्यात ऐकायला मिळतात. तेव्हापासून आमच्याकडं दुधाचा हिशोब लिहायच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच, त्या दिवसाच्या चौकटीत औषधाची वेळ लिहायची असा नियम आहे. "अर्धा लिटर" च्या खाली "ताप 9.10". पाजलं की आधी लिहायचं, मग टोपण धुवायचं.

मापाचा घोळ इथंच संपत नाही. थेंब आणि सिरप वेगळं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. साधं तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत 1 मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीला 120. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम पुरे होतं, म्हणजे सिरपचा एक मापाचा चमचा. तोच चमचा थेंबांच्या बाटलीतनं भरला की 500 मिलिग्रॅम झाले. त्यात सर्दीच्या कित्येक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, म्हणजे तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं की नकळत दुप्पट. बाटलीवरचं सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. कन्नड शाळेत शिकलेल्या आईलाही वाचता येत नाही आणि मराठी शाळेतलीलाही नाही.

सगळ्यात मोठी भीती मात्र वेगळीच आहे. आजारी मूल रडतं, किरकिर करतं, उठून बसतं, त्यातनंच आपल्याला कळतं की काहीतरी बिघडतंय. गुंगीत घातलं की ही खबर बंद. छातीत न्यूमोनिया सुरू होत असेल तर पोर गप पडून राहतं आणि घरचे म्हणतात आज बरं झोपलंय. म्हणून औषधाऐवजी श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास भरले तर तो जलद श्वास, त्याच दिवशी डॉक्टर. गावोगावच्या आशाताईंना जे शिकवतात ते हेच माप. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी-दूध घेत नसेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ की चिक्कोडी, यावर घरात चर्चा करत बसायची ती वेळ नव्हे, जवळ असेल तिथं जा.

सरकारी बाजू थोडक्यात. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेलं नाक उघडणारं फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध 4 वर्षांखालच्या मुलांना वापरू नये आणि तशी सूचना लेबलवर छापावी. प्रोमेथाझिन 2 वर्षांखाली नकोच, त्यानं श्वास मंदावून मुलं दगावलेली आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपनं मुलं गेली, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. तो भेसळीचा प्रकार होता, गुंगीचा नव्हे. पण त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जे सांगितलं ते तुमच्या मुलीला थेट लागू आहे, 2 वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहूही नयेत आणि देऊही नयेत, आणि 5 वर्षांखाली सहसा नकोत. यानंतरही एखादा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय बाटली पुढं करत असेल तर माझ्याच धंद्यातला असला तरी त्याच्याकडं जाऊ नका.

घरगुती उपायांबद्दल आज्या रागावतील, पण बोलते. जायफळ उगाळून चाटवलं की पोर झोपतं हे आपल्याकडं घराघरात सांगतात. जास्त झालं तर जायफळही अंगाला बाधतं, आणि सहाणेवरचे चार वेढे म्हणजे किती हे कुणालाच मोजता येत नाही. गोव्याहून आणलेल्या ब्रँडीचे थेंब तर अजिबात नको, लहान बाळाच्या रक्तातली साखर त्यानं उतरते. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका अफू घातलेली बाळगोळी देऊन पोरं घरी ठेवायच्या. काम आणि पोर, दोन्ही सांभाळायचं कुणी शिकवलं नव्हतं त्यांनाही. खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळायची सवय आहे, ती दोन वर्षांच्या आत टाळा, कापूर पोटात गेला तर झटके येतात. पाण्याच्या पातेल्यावर पोराला धरून वाफ देऊ नका. भाजलेली पोरं बघितलीत मी.

मग करायचं काय? नाक. लहान मुलाची रात्र बहुतेक वेळा नाकानं बिघडते, खोकल्यानं कमी. मेडिकलमध्ये मुलांचे सलाईनचे म्हणजे मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मिळतात, स्वस्त असतात. झोपायच्या आधी आणि दूध-जेवणाच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबून मऊ फडक्यानं पुसा. मागताना "मुलांचे, नुसत्या मिठाच्या पाण्याचे" असं स्पष्ट म्हणा. मोठ्यांचे नाक उघडायचे थेंब दिसायला तसेच असतात, पण लहान मुलानं ते गिळले तर बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. तुमची मुलगी वर्षाच्या वर आहे, तेव्हा झोपायच्या आधी अर्धा चमचा मध चाटवा. 2007 च्या एका अभ्यासात रात्रीच्या खोकल्यावर मध खोकल्याच्या औषधापेक्षा कमी पडला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको, मग बारशाला कुणी कितीही आग्रह करू दे, त्यातनं बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. पाणी, पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं देत राहा. खोकल्याची उबळ आली की खांद्यावर उभं धरा. ताप असेल आणि त्यानं ती बेचैन असेल तर वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. ताप नसेल तर तेही नको.

सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला त्याहून जास्त रेंगाळतो. म्हणजे तुमच्या अजून काही रात्री जाणार, हे गोड करून सांगता येत नाही. नवऱ्याला सांगा, दोनपर्यंत तुम्ही, दोननंतर ते. आमच्या घरात सासूबाईंनी पहाटेची पाळी घेतली होती, आणि तीच मला सगळ्यात लागू पडली.

आता हे वाचेपर्यंत तुम्ही वहिनींचं औषध पाजून मोकळ्या झाला असाल तर. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, दुसरा डोस देऊ नका. घरात अजून कुणी पाजलंय का ते आत्ताच्या आत्ता विचारा. तिला उठवून बघा, नावानं हाक मारल्यावर डोळे उघडून तुमच्याकडं बघायला हवं. श्वास मोजा. उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरीचा असेल, झटका आला असेल, किंवा माप चुकल्याची शंका असेल तर 108 ला फोन करा, नाहीतर गाडी काढा. आणि बाटली बरोबर घ्या, टोपण आणि ज्या चमच्यानं पाजलं तो चमचाही.