वावर गहाण टाकून लंडनला जाऊ नको, भाऊ

प्रश्न : ताई, मी आर्णी तालुक्यातला. वय 24, बी.कॉम. झालो. सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देतो. मराठी 30, इंग्रजी 40 टायपिंग पास आहे. विलायतेत काही महिने ऑफिसातलं तात्पुरतं काम करावं आणि त्या पैशांत पुढे फिरावं, हे दोन वर्षांपासून डोक्यात आहे. एक एजंट ‘लंडनच्या ऑफिसात डेटा एन्ट्री पक्की’ म्हणून साडेतीन लाख मागतो. बाबा दोन एकर वावर गहाण टाकायला तयार झालेत. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी बाबांना थांबव. बाकीचं मग वाच.

ब्रिटनमध्ये काम मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिथल्या एजन्सीला 1973 च्या कायद्यानं मनाई आहे. आणि तुझ्यासारख्यांसाठी जी वाट आहे, तिला नोकरीचं पत्र लागतच नाही. ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ तिचं नाव. 2023 मध्ये सुरू झाली, मी त्याच वर्षी गेले. वय 18 ते 30, पदवी, आणि खात्यात सलग 28 दिवस 2,530 पौंड. जागा वर्षाला 3,000. चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो. चिठ्ठीत नाव घालायला एक पैसा लागत नाही. आतापर्यंत ती बहुतेक फेब्रुवारीत आणि जुलैत, दोनच दिवस उघडी असायची. जुलैत आपल्याकडे डवरणीची घाई आणि लाइटीचा भरवसा नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाल. पासपोर्टचा तपशील मागतात, तेव्हा पासपोर्ट आजच करायला टाक. अमरावती विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याचाही अर्ज कर.

नंबर लागला तर व्हिसाच्या अर्जाला 90 दिवस मिळतात. खरा खर्च तिथे येतो : व्हिसाची फी, टीबीची तपासणी आणि आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे पैसे), वर्षाला 776 पौंड, व्हिसाच्या दोन्ही वर्षांचा एकदम. खात्यातले 2,530 तुझेच राहतात, पण ते जमवावे लागतात. हे सारं तुझ्या पगारातून दोन-तीन वर्षांत साठव. तुला तिशीपर्यंत वेळ आहे.

आता काम. मी लीड्समध्ये एका विमा कचेरीत टपाल उघडायचे. सकाळी नवाला ट्रॉलीभर पाकिटं यायची. पाकीट फाडायचं, पिना काढायच्या, तारखेचा शिक्का मारायचा, स्कॅन करायचं, पुन्हा पुढचं. जानेवारीत कोरड्या हातांना कागदाची धार लागून बोटं चिरायची, म्हणून मी टेबलावर व्हॅसलीनची डबी ठेवायचे. घरी मी हिंगणघाटला जिनिंगच्या काट्यावर पट्ट्या लिहिल्या होत्या. हे काम त्याच जातीचं. ज्या एजन्सीमार्फत हे तात्पुरतं काम मिळालं, तिनं आधी टायपिंग आणि एक्सेलची परीक्षा घेतली. तुझा 40 चा वेग तिथे उपयोगी पडेल. फोनवर बसण्याचं काम सुरुवातीला घेऊ नको, यॉर्कशायरची, म्हणजे लीड्सच्या भागातली बोली कानात बसायला मला तीन महिने लागले.

मला किमान वेतन मिळायचं, 2024 च्या एप्रिलपासून ते तासाला 11.44 पौंड होतं. आठवड्याच्या 35 तासांचे 400, कर कापून साडेतीनशेच्या आसपास. खोलीला 120, खाणं, बस, फोन. आठवड्याला दीडशे उरायचे. एकदा साहेबांची सही टाइमशीटवर, म्हणजे कामाच्या तासांच्या कागदावर, शुक्रवारी घ्यायची राहिली, तर एजन्सीनं पूर्ण आठवड्याचा पगार पुढे ढकलला. खोलीचं भाडं तोंडावर होतं. तेव्हापासून मी गुरुवारीच सही घ्यायचे.

वीस आठवड्यांत 3,000 पौंड साठले. त्यात मी स्कॉटलंडमधलं एडिंबरा, इनव्हरनेस, स्काय बेट पाहिलं. स्कायच्या किनाऱ्यावर मेंढरं पाहून आईला व्हिडिओ कॉल लावला, तर ती म्हणाली, ‘अगं, यायले राखायले कोणीच नाही का?’ तो दिवस मी विसरणार नाही. मात्र फ्रान्स-इटलीला ब्रिटनचा व्हिसा चालत नाही. त्यासाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, वेगळा काढावा लागतो, त्याची तारीख मिळायला मला आठवडे लागले.

हिशेब नीट पाहा : या कमाईत फिरणं होतं, गहाण सुटत नाही. तिथे पगार मिळेल आणि वावर सोडवू, या भरवशावर बाबांची सही होऊ देऊ नको. एजंटला काही आगाऊ दिलं असेल तर परत माग, पावती जपून ठेव. बाबांना हे उत्तर वाचून दाखव. चिठ्ठीचा निकाल ईमेलवर दोन आठवड्यांत येतो; लागो न लागो, मला कळव.