सेवा करताना राग येतो, म्हणजे विश्वास कमी पडतो का?

घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारी ख्रिस्ती माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात: ‘माझी चिडचिड होते, कधी तर देवाने यांना लवकर न्यावे असेही मनात येते, माझा विश्वास कमी पडतो आहे का?’ गाव जळगाव असो की नवापूर, हा प्रश्न त्यांनी आपल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बहुधा विचारलेला नसतो.

भुसावळच्या एका काकांचे उदाहरण देते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि पक्षाघाताने पत्नीची उजवी बाजू व वाचा गेलेली. मुलगी पाचोऱ्याहून आली, की तेवढ्या वेळात ते मला भेटायला येत. त्यांनी एक जाड वही माझ्यापुढे ठेवली. ड्यूटीच्या रजिस्टरासारखे रकाने आखून तीत दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ, डावी की उजवी, औषध, पेज किती वाट्या, असे सारे टिपलेले होते. भुसावळच्या मे महिन्यातही तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितले आणि तो अभिमान रास्तच होता. मात्र रात्री दोनच्या आणि चारच्या नोंदीही त्यांच्याच अक्षरात होत्या.

“चर्चच्या मंडळीतले लोक मदतीला येत नाहीत का?” मी विचारले.

“येतो म्हणतात, मीच नको म्हणतो. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असे प्रभूने सांगितले आहे. तो दुसऱ्याच्या खांद्यावर कसा देऊ, मॅडम?”

माणूस पुरता बोलून होईपर्यंत मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत नाही. घाईने ऐकवलेले शास्त्रवचन तोंड बंद करते, असे माझे ठाम मत आहे. काही भेटींनंतर काकांनी मान खाली घालून सांगितले, की एका रात्री ते पत्नीवर खेकसले, तिचा हात जोरात ओढला आणि ती रडली. तेव्हा मी विचारले, “काका, गुलगुथ्याच्या, त्या वधाच्या जागेच्या, वाटेवर प्रभू येशूचा वधस्तंभ कोणी वाहिला?”

“शिमोन कुरेनेकराने. पण त्याला शिपायांनी वेठीस धरले होते. मला कोणाला वेठीस धरायचे नाही.”

“मग धरू नका, विचारा. आणि प्रभूने शिमोनाला नको म्हटल्याचे शुभवर्तमानात कुठे आहे?”

काका बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी प्रभूपेक्षाही ताठ निघालो.”

माझ्या मते खरी गाठ इथे सुटली. त्यांचा विश्वास मुळीच उणा नव्हता. लोक घरात आले तर आपला राग त्यांना दिसेल, ही लाज त्यांनी वधस्तंभाच्या वचनाआड ठेवली होती. खेकसल्याबद्दल पत्नीची क्षमा त्यांनी त्याच आठवड्यात मागितली. रागाचे म्हणाल, तर ‘परमेश्वरा, कोठवर?’ असे तेराव्या स्तोत्रात दावीदच पुन्हा पुन्हा विचारतो, आणि हा दुःखाचा प्याला टळून जावो अशी प्रार्थना गेथशेमाने बागेत प्रभूनेही केली.

मदत मागताना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नये. गुरुवारी दुपारी तीन तास कोणी बसेल का, असे नेमके विचारावे. काकांनी तसे विचारल्यावर मंडळीतले दोघे कूस बदलायला शिकले. पाळकांनीही घरी गेल्यावर आजाऱ्याबरोबर सेवा करणाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि मोठी घरसभा ठेवून त्याच्यावर चहापाण्याचा भार टाकू नये. सेवा करणाऱ्याची झोप सलग दोन आठवडे उडाली, किंवा स्वतःला वा आजाऱ्याला इजा करण्याचा विचार मनात आला, तर प्रार्थनेच्या जोडीने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली मानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते.