विंडोज फॉर्म्सच्या रिचटेक्स्टबॉक्समध्ये ठरावीक फाँटचा किंवा ठळक-लाल मजकूर कोडने कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की रिचटेक्स्टबॉक्समध्ये (फॉरमॅटसह मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) एकेक अक्षर सिलेक्ट करून सिलेक्शनफाँट, म्हणजे निवडलेल्या मजकुराचा फाँट सांगणारी प्रॉपर्टी, तपासता, फाइल मोठी असली की खिडकी थिजते आणि पडदा लुकलुकतो. आणि कुणीतरी सल्ला दिलाय, 'आरटीएफ प्रॉपर्टी स्ट्रिंग म्हणून घे, रेगेक्सने बॅकस्लॅश-बी शोध, झालं.' (आरटीएफ म्हणजे मजकूर नि त्याचं फॉरमॅट साध्या अक्षरांत एकत्र लिहायची पद्धत, रेगेक्स म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायची रीत.) हा सल्ला वाचला म्हणूनच लिहायला बसलो. जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या कामात हा वाद मी इतक्यांदा घातलाय की आता लेखीच देतो.

(कोड फोनवर टाइप करत नाही. नावं सांगतो, पुढचं तुमचा एडिटर सुचवेल. फाइंड फंक्शन सोडून द्या, ते फक्त अक्षरं जुळवतं, फॉरमॅट बघतच नाही.)

रेगेक्सवाल्यांचं म्हणणं असं की आरटीएफ हा शेवटी मजकूरच आहे. आहे ना. पण त्यात ठळक सुरू होतो बॅकस्लॅश-बीने, आणि संपतो मात्र तीन प्रकारे: बॅकस्लॅश-बी-शून्य आला, 'प्लेन' आला, किंवा ज्या महिरपी कंसात तो सुरू झाला तो कंस मिटला. म्हणजे कंसागणिक स्थिती साठवणारा स्टॅक लागतो, आणि तो साध्या रेगेक्सच्या आवाक्यातला नाही. वर नुसता बॅकस्लॅश-बी शोधलात तर तुमची पहिली शिकार मजकुरात नसतेच. ती असते फाइलच्या डोक्यावरच्या रंगतक्त्यात, कारण तिथे रेड, ग्रीन आणि ब्लू लिहिलेले असतात आणि ब्लूची सुरुवातही बॅकस्लॅश-बीच. बुलेट, बॉर्डर हेही त्याच रांगेत.

मराठी मजकुरात तर याहून गंमत आहे. आरटीएफमध्ये 'म' हा 'म' म्हणून येत नाही. बॅकस्लॅश-यू, मग २३५०, मग प्रश्नचिन्ह असा येतो. 'ह' म्हणजे २३६१, 'त' म्हणजे २३४०, हलन्त म्हणजे २३८१. त्यामुळे कच्च्या आरटीएफमध्ये 'महत्त्वाचे' हा शब्द जन्मभर शोधलात तरी सापडणार नाही. हा आकडा चिन्हासह १६ बिटांचा असतो, म्हणून ३२७६७ च्या पुढची अक्षरं ऋण आकड्यात येतात. सिम्बॉल वर्गात नोंदलेल्या फाँटचा मजकूर वर्डमधून आला की उणे ३९९९ असलं काहीतरी दिसतं. ते युनिकोडने खासगी वापराला सोडलेल्या पट्ट्यातलं एफ०६१ असतं. आणि एवढं सगळं सांभाळून जागा सापडलीच, तरी ती आरटीएफ स्ट्रिंगमधली जागा. कंट्रोलमध्ये (म्हणजे रिचटेक्स्टबॉक्समध्ये) ते कितवं अक्षर आहे, हे कळायला सगळी फाइल पुन्हा मोजायची. म्हणजे आरटीएफ वाचणारा तुम्हीच नव्याने लिहायचा, जेव्हा एक तयार वाचक कंट्रोलच्या पोटात बसलाय आणि त्याने वाचूनही टाकलंय.

आता तुमची पद्धत. ती संथ आहे हे तुम्हाला दिसलंच. दर वेळी निवड बदलते, सिलेक्शनचेंज्ड उडतं, खिडकी सरकते, आणि सिलेक्शनफाँट दर वाचनाला नवा फाँट ऑब्जेक्ट बनवून देतं. पण संथपणापेक्षा वाईट म्हणजे ती खोटं बोलते. तुम्ही वेग वाढवायला अक्षराऐवजी शब्द किंवा परिच्छेद निवडायला लागाल, तेव्हा हे अंगावर येईल. सगळे सांगतात की मिश्र फॉरमॅट असेल तर सिलेक्शनफाँट नल, म्हणजे 'उत्तर नाही', येतं. अर्धसत्य आहे. नल येतं ते फाँटचं नाव मिश्र असेल तेव्हा. नाव एकच, पण अर्धं ठळक नि अर्धं साधं असेल तर नल येत नाही. निमूटपणे 'ठळक नाही' असं उत्तर येतं. नाव एकच पण आकार मिश्र असेल तर आकार येतो १३. मजकुरात एकही अक्षर १३ चं नसलं तरी १३. तो आतला ठरवून दिलेला आकडा आहे. कुणाच्या कोडमध्ये 'आकार १३ आला तर मिश्र समज' अशी ओळ दिसली तर दचकू नका, पण तीही बरोबर नाही, कारण खरोखर १३ चा मजकूरही असू शकतो. रंगाच्या बाबतीत मिश्र असेल तर सिलेक्शनकलर रिकामा येतो, तेवढं एक ठीक.

व्हीबी ६ मध्ये (जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये) निवड ठळक आहे का ते सांगणाऱ्या सेलबोल्डची तीन उत्तरं होती: हो, नाही आणि नल. मिश्र म्हणजे नल. 'जुनं ते टाकाऊ' म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं. डॉटनेटच्या वेष्टनाने तीनाची दोन केली. खाली विंडोजच्या कंट्रोलला मात्र तिसरं उत्तर आजही येतं; त्याला थेट विचारावं लागतं.

थेट विचारायचा मार्ग म्हणजे टेक्स्ट ऑब्जेक्ट मॉडेल, बोलीत टॉम. रिचटेक्स्टबॉक्सच्या हँडलला ईएम-गेट-ओएलई-इंटरफेस हा संदेश पाठवा, क्रमांक १०८४. जो पॉइंटर मिळेल त्याचं ऑब्जेक्ट करून आयटेक्स्टडॉक्युमेंटमध्ये कास्ट करा. आता रेंज, म्हणजे मजकुरातला इथून तिथपर्यंतचा भाग, मागा. रेंज आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: रेंज हलवली तरी कर्सर जागचा हलत नाही, खिडकी सरकत नाही, लुकलुक नाही. वाचण्यासाठी सिलेक्शन वापरणं मला पटतच नाही. ती वापरणाऱ्याची वस्तू आहे, तुमच्या लूपची नाही.

पायऱ्या अशा. सुरुवात शून्य धरा. सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच जागी असलेली रेंज घ्या, मग मूव्हएंडला एकक १३ आणि संख्या १ द्या. १३ म्हणजे टॉमकॅरफॉरमॅट, एकाच अक्षर-फॉरमॅटचा सलग तुकडा. रेंजचा शेवट त्या तुकड्याच्या टोकाला जाऊन थांबतो. आता तिच्या फाँटला विचारा: बोल्ड उणे १ आला तर ठळक, शून्य आला तर साधा. उणे ९९९९९९९ म्हणजे मिश्र. एका तुकड्यात तो येता कामा नये, आला तर तुम्ही रेंज चुकीची घेतली आहे. नाव, आकार, फोअरकलर तिथेच. नोंद करा, सुरुवात तुकड्याच्या शेवटावर आणा, पुन्हा. शेवट पुढे सरकला नाही तर लूपमधून बाहेर पडा. ही अट विसरलात तर शेवटच्या परिच्छेदखुणेवर लूप अडकून बसेल. ती खूण पुसता न येणारी असते, म्हणून स्टोरीलेंग्थ (टॉमने मोजलेली लांबी) ही टेक्स्टलेंग्थपेक्षा एकाने जास्त. फेरे अक्षरांइतके न होता तुकड्यांइतके होतात, सगळा फरक तिथेच पडतो. हे सगळं यूआयच्याच, म्हणजे खिडकी चालवणाऱ्या, थ्रेडवर. टास्कमध्ये टाकून 'कधी चालतं कधी नाही' म्हणू नका.

पण सापडलेला तुकडा म्हणजे तुमचा शोध नव्हे. इथे मराठीवाल्यांची खास अडचण आहे आणि इंग्रजी उत्तरांत ती सापडायची नाही. तुकडा कुठल्याही फरकाने तुटतो. फाँट बदलला, रंग बदलला, नुसती भाषेची नोंद बदलली तरी. 'दि. १५ मार्च रोजीची पीडीएफ' असं एक सलग ठळक वाक्य असलं, त्यात पीडीएफ इंग्रजीत टाइप केलं असलं, तर कंट्रोल देवनागरीला निर्मला यूआय किंवा मंगल लावतो, इंग्रजीला दुसरा फाँट, आणि एका ठळक वाक्याचे तीन-चार तुकडे होतात. म्हणून ज्या गुणावर शोध आहे तेवढाच बघून शेजारचे तुकडे जोडा. ठळक शोधताय तर ठळकपणावर जोडा, फाँट बघू नका. फाँट शोधताय तर उलट.

ही जोडणी न केल्याने काय होतं ते कृतिदेव या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटच्या फाइलीत बघा. मोठा एच, मग के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं कृतिदेवमध्ये 'भारत' दिसतात. शेजारी टाइम्स न्यू रोमनमध्ये खरं इंग्रजी असतं. दोन्ही साठवलेली अक्षरं एकाच जातीची, वेगळेपण फक्त फाँटच्या नावात. म्हणून 'सगळा मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाक' म्हणणाऱ्यांच्या हातात ईमेल पत्त्यांची देवनागरी खिचडी येते. फाँटच्या नावाने तुकडे वेगळे काढलेच पाहिजेत. इथवर बहुतेक लोक येतात. मग प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्टरला देतात आणि फसतात. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते: 'विकास' म्हणजे एफ, ओ, डी, के, एल. एफ ही वेलांटी, ओ हा 'व'. टाइप करणाऱ्याने माउसने शब्द ठळक करताना पहिलं एफ निसटलं, तर एफ एका तुकड्यात आणि ओडीकेएल दुसऱ्यात. वेगवेगळं रूपांतर केलं की वेलांटी मागच्या शब्दाला चिकटते नाहीतर अधांतरी लटकते, आणि पुढे 'वकास' उरतो. रफाराचं उलट, तो अक्षरानंतर टाइप होतो आणि रूपांतरात आधी न्यावा लागतो. तोही असाच तुटतो.

उपाय: फाँटच्या नावावर तुकडे जोडा, मग स्पेसवर शब्द तोडा, अख्खा शब्द रूपांतरित करा. ठळकपणा शब्दातल्या बहुसंख्य अक्षरांचा धरा आणि लिहिल्यावर तो स्वतः लावा, कंट्रोलवर सोडू नका. पहिल्या अक्षराचा धरू नका, कारण निसटलेलं तेच असतं. लिहिताना फाइलच्या शेवटाकडून सुरुवातीकडे या. रूपांतरात लांबी बदलते आणि पुढून आलात तर नोंदवलेल्या सगळ्या जागा चुकतात. लिहिण्याआधी डॉक्युमेंटचं फ्रीझ, नंतर अनफ्रीझ. नाव जुळवताना पूर्ण नाव ताडून पाहू नका, सुरुवात ताडा. एकाच घराण्याचे क्रमांक लावलेले भाऊबंद एकाच फाइलीत नांदतात. सी-डॅकच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरचे डीव्हीबी-टीटी घराण्याचे फाँट असतील तर आणखी एक गोष्ट: ते द्वैभाषिक, म्हणजे इंग्रजीही त्याच फाँटमध्ये, खालच्या १२८ जागांत. तिथे नावाने शोधून भागत नाही, नावाच्या आत अक्षराचा आकडाही बघावा लागतो.

तुमचा लाल रंग. फोअरकलरमध्ये रंग उलट क्रमाने येतो, निळा-हिरवा-लाल, म्हणून शुद्ध लाल म्हणजे २५५ आणि शुद्ध निळा १६७११६८०. पण वर्डच्या पॅलेटमध्ये 'गडद लाल' शेजारीच आहे आणि निम्मे लोक तोच दाबतात. तो १९२ येतो. नेमका २५५ शोधलात तर डोळ्यांना लाल दिसणारा मजकूर कोडला सापडणार नाही. लाल १५० च्या वर, हिरवा नि निळा ८० च्या खाली असा पट्टा धरा, हा माझा अंदाजपंचे पट्टा आहे, तुमच्या फाइली बघून ठरवा. ज्या मजकुराला रंग दिलेलाच नाही त्याचा आकडा उणे ९९९९९९७ येतो. तो रंग म्हणून उकलायला जाऊ नका.

टॉमच्या भानगडीत पडायचं नसेल तर मधला मार्ग आहे: ईएम-गेट-कॅरफॉरमॅट, संदेश १०८२, निवडीसाठी १. परत आलेल्या रचनेतला मास्क सांगतो की कोणते गुण निवडीभर एकसारखे आहेत. ठळकचा बिट मास्कमध्ये नसेल तर मिश्र. मग परिच्छेद घ्या, एकसारखा असेल तर सोडा, मिश्र असेल तर मधोमध दोन भाग करून पुन्हा विचारा. बहुतेक परिच्छेद पहिल्याच प्रश्नात निकालात निघतात. रचनेच्या आकाराच्या खान्यात युनिकोड कॅरफॉरमॅट२ साठी ११६ भरा, चुकलं तर संदेश शून्य परत करतो आणि तुम्हाला सगळं 'साधं' दिसतं. उंची ट्विपमध्ये येते, २० ने भागलं की पॉइंट. यात निवड वापरावीच लागते, म्हणून आधी सेटरीड्रॉ (खिडकी पुन्हा रंगवणं) बंद, शेवटी चालू, किंवा पडद्याबाहेरच्या दुसऱ्या रिचटेक्स्टबॉक्समध्ये आरटीएफ ओतून तिथे काम. आणि मधोमध तोडलेल्या भागांची जोडणी इथेही करायचीच.

जागांबद्दल एक. टेक्स्ट प्रॉपर्टीत ओळ संपते एका अक्षराने, टॉममध्येही एकाने, त्यामुळे आकडे जुळतात. पण मजकूर साध्या टेक्स्टबॉक्समधून किंवा फाइलीतून घेऊन त्यावर शोध केलात तर तिथे ओळीला दोन अक्षरं लागतात आणि प्रत्येक ओळीमागे तुमची जागा एकाने सरकते. पाचव्या ओळीत चार अक्षरं पुढे हायलाइट होतंय अशा तक्रारींत सहसा हेच निघतं. आकडे जुळत असूनही घसरत असतील तर लपवलेला मजकूर, दुव्यामागचा पत्ता किंवा टेबलाच्या ओळीखुणा बघा. डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ पासून आतला कंट्रोलच बदलून नवा आला आहे, त्यामुळे जुन्या मशीनवर बरोबर चाललेला हिशेब टेबलं असलेल्या फाइलीत नव्यावर वेगळा येऊ शकतो.

हे सगळं विंडोज फॉर्म्सचं. प्रश्नाच्या खाली टॅग डब्ल्यूपीएफचाही (विंडोजवरच्या दुसऱ्या खिडकी-चौकटीचा) दिसतोय. तिथला रिचटेक्स्टबॉक्स नावापुरता भाऊ आहे, यातला एकही संदेश तिथे लागू नाही. तिथे टेक्स्टपॉइंटरने पुढे जा, संदर्भ टेक्स्ट आला की पेरेंट रन घ्या आणि त्याचा फाँटवेट वाचा. टेक्स्टरेंजला गेटप्रॉपर्टीव्हॅल्यू विचारलीत तर मिश्रला अनसेटव्हॅल्यू येते, म्हणजे तिथे तिसरं उत्तर शाबूत आहे. फक्त ऑफसेटचे आकडे अक्षरांचे समजू नका, घटकांच्या सुरुवात-शेवटाच्या कडाही त्यात मोजल्या जातात.