बुद्धिबळात हत्तींच्या शेवटात एक प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत का सुटतो?

तुम्ही विचारलंय की क्लबच्या सामन्यांत दोघांकडे एकेक हत्ती आणि तुमचं एक प्यादं जास्त, अशी स्थिती आली तरी डाव जिंकता येत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: राजा मागे राहतो आणि प्यादं पुढे पळतं.

समजा पांढरं प्यादं डी५वर (म्हणजे डी या उभ्या ओळीतल्या पाचव्या घरात), राजा ई५वर, हत्ती ए७वर. काळा राजा डी८वर, हत्ती एच६वर. काळ्या हत्तीने सहावी ओळ धरल्यामुळे तुमचा राजा वर चढू शकत नाही. वैतागून तुम्ही प्यादं डी६वर ढकलता आणि तिथेच जिंकण्याची संधी हातची जाते. काळा हत्ती एच१वर उतरतो, मागून शह देत राहतो आणि तुमच्या राजाला आडोसाच उरत नाही. हा फिलिडोरचा बचाव. तो एकदा बसला की नीट खेळणाऱ्याशी बरोबरीच. तरीही डी६ची घाई नको, हत्ती हलवत वाट बघा. क्लबात बरेच जण सहावी ओळ आपणहून सोडतात. खरा उपाय त्याआधीचा आहे. प्यादं ढकलण्यापूर्वी तुमच्या हत्तीने उभी ओळ अडवा, म्हणजे काळा राजा प्याद्यासमोर येऊच शकणार नाही.

ते जमलं की लुसेनाची स्थिती मिळते, म्हणजे प्यादं सातव्या ओळीत आणि त्याच्यापुढे आठव्या ओळीत तुमचाच राजा. ही पटावर मांडून हात बसेपर्यंत खेळा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१; काळा राजा ई७, हत्ती एच२.

१. हत्ती ई१ शह, राजा डी७ २. हत्ती ई४! हत्ती एच१ ३. राजा एफ७, हत्ती एफ१ शह ४. राजा जी६, हत्ती जी१ शह ५. राजा एफ६, हत्ती एफ१ शह ६. राजा जी५, हत्ती जी१ शह ७. हत्ती जी४.

शह थांबले, प्याद्याचा वजीर होणार. हत्ती असा मध्ये आणून शह अडवण्याला पूल बांधणं म्हणतात. दुसरी चाल इथली किल्ली आहे. ती न खेळता राजा बाहेर काढलात तर शहांपासून लपायला जागा मिळत नाही. कडेच्या प्याद्याला मात्र हा पूल चालत नाही, कारण राजाला बाहेर पडायला एकच बाजू असते.

एक नियमही लक्षात ठेवा, कारण घड्याळ संपत आलं की तो हमखास विसरतो: वजीर करताना आठव्या घरात उलटा हत्ती ठेवलात तर तो हत्तीच धरला जातो. जादा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवा आणि पंचांकडून मागून घ्या.