समुद्रकाठच्या दलदलीत प्राचीन वस्त्या कशा टिकल्या?

दलदलीत माणूस नाइलाजानेच राहिला, असं नाही. मासे, शिंपले, पाणपक्षी, गुरांना चारा, सगळं हाताशी होतं. अडचण होती कोरड्या जागेची आणि गोड्या पाण्याची. आजच्या नेदरलँड्स-जर्मनीच्या किनाऱ्यावर इ.स.पू. पहिल्या सहस्रकात लोकांनी चिकणमाती, शेण आणि घरचा कचरा थरावर थर रचून टेकाडं उभारली. मोठ्या भरतीत त्यांची बेटं व्हायची. पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवायचे. रोमन लेखक प्लिनीने तसं नोंदवलंय, आणि वाळवलेला चिखल ते जाळतात हेही.

मला सगळ्यात थक्क करते ती इंग्लंडच्या सॉमरसेटमधली पायवाट. इ.स.पू. ३८००च्या सुमारास, फुलीसारख्या रोवलेल्या खुंट्यांवर ओकच्या फळ्या टाकून जवळपास २ किलोमीटर! हवा न पोचणाऱ्या चिखलामुळे ते लाकूड अजून शाबूत सापडतं.