पायरियाच्या जंतूची 'प्रजाती' की 'वाण'?

रावेरच्या एका ताईंनी एका लेखातलं वाक्य पाठवलंय: "पायरियाच्या जंतूच्या काही प्रजाती जास्त विषारी असतात आणि त्या प्रतिकारशक्ती कमी करतात." यातला 'प्रजाती' शब्द बरोबर आहे का, असं त्या विचारतात.

माझ्या मते नाही. आणि पुढचे दोन शब्दप्रयोगही तपासायला हवेत.

शाळेच्या जीवशास्त्रात कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. पायरियाच्या या जंतूचं पूर्ण नाव पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्यात पॉर्फिरोमोनास ही प्रजाती, जिंजिव्हॅलिस ही तिच्यातली जाती. लेखकाला सांगायचाय तो या एकाच जातीच्या पोटातला फरक, डॉक्टर ज्याला स्ट्रेन म्हणतात तो. त्यासाठी 'वाण' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेच. बसराई आणि ग्रँड नैन दोन्ही केळीच, पण झाडाची उंची आणि घड वेगळा. हे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कुणाला समजवावं लागत नाही. फक्त लिंग सांभाळा: बियाण्याचा तो वाण, संक्रांतीला लुटतात ते वाण. ('ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे रंग. जिंजिव्हॅलिस मात्र शेजारच्या जंतूंचे डीएनएचे तुकडे उचलतो, म्हणजे गुणही लागतो आणि वाणही बदलतो.)

आता 'विषारी'. जिंजिव्हॅलिसच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांनी तो हिरडीच्या पेशींना चिकटतो. हे तंतू घडवणाऱ्या 'फिम-ए' जनुकाचे अनेक प्रकार आहेत. निरोगी हिरड्यांत बहुधा पहिला प्रकार सापडतो, बळावलेल्या पायरियात दुसरा. डब्ल्यू८३ या वाणाला शर्करेचं कवच असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचा संसर्ग अंगभर पसरतो, बिनकवचाच्या वाणाचं गळू जागच्या जागी राहतं. चिकटणं आणि कवच पांघरणं यात विष कुठे आलं? म्हणून 'उग्र' म्हणावं.

जिथे खरंच विष आहे तिथे 'विषारी' जरूर लिहावं. ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाच्या दुसऱ्या जंतूच्या जेपी२ या वाणात, विष बनवणाऱ्या जनुकांच्या आधीच्या नियंत्रक भागातली डीएनएची 530 अक्षरं गळालेली आहेत. तेवढ्यानं ल्युकोटॉक्सिन हे विष भरमसाट तयार होतं आणि आपल्या पांढऱ्या पेशी मरतात. मोरोक्कोतल्या किशोरवयीन मुलांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. हा वाण तोंडात असलेल्या निरोगी मुलांना पुढे हा आजार होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट निघाला.

'प्रतिकारशक्ती कमी करतात' हा प्रयोग मला सगळ्यात जास्त खटकला, कारण त्यानं वाचकाची समजूतच उलटी होते. जिंजिव्हॅलिस जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) सोडतो. रक्तातली जी प्रथिनं जंतूंवर तुटून पडतात, त्यांचेच ही विकरं तुकडे करतात, आणि त्यातला एखादा तुकडा उलट जंतूच्याच कामी येतो. प्रतिकार मात्र थांबत नाही. पांढऱ्या पेशी हिरडीत गर्दी करतात, हिरडी लाल होऊन सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. दाताखालचं हाड झिजतं ते मुख्यतः या लांबलेल्या दाहानं. तेव्हा जंतू प्रतिकारशक्तीला चकवतो, तिला भलतीकडे वळवतो.

ताई, ते वाक्य मी असं लिहीन: "पायरियाच्या जंतूचे काही वाण जास्त उग्र असतात आणि ते प्रतिकारशक्तीला चकवतात." दवाखान्यात 'स्ट्रेन' म्हटलं तरी चालेल, 'प्रजाती' तेवढं टाळा.