जुना डॅक काढून 60 हजारांचा नवा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपमधून यूएसबीने सातआठ वर्षं जुना डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा ॲम्पला समजेल असा विद्युत सिग्नल करणारा डबा), तिथून इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, पुढे बुकशेल्फ स्पीकर. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि जुनी नाट्यगीतं. आवाज कोंडल्यासारखा वाटतो, तानपुरा मागे कुठेतरी विरून जातो, मधूनच बारीक घूं ऐकू येते. आणि दुकानात 60 हजारांचा डॅक लावल्यावर फरक ‘पहिल्याच सुराला’ कळला.

माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. त्या पहिल्या सुरावर तर मुळीच जाऊ नका.

डॅकच्या आरसीए, म्हणजे नेहमीच्या लाल-पांढऱ्या आउटपुटला 2 व्होल्ट असावेत असा रिवाज आहे. रिवाजच तो, सगळे पाळतात असं नाही. कुणी 1.9 देतं, कुणी 2.3, आणि एक्सएलआरने, म्हणजे तीन पिनांच्या बॅलन्स्ड केबलने जोडलात तर साधारण 4. आता 2 च्या जागी 2.3 व्होल्ट म्हणजे 1.2 डेसिबलची वाढ. गंमत अशी की एवढी वाढ ‘आवाज मोठा झाला’ अशी कळतच नाही. ‘खुललं’, ‘जवारी स्वच्छ ऐकू आली’, ‘गायक समोर येऊन बसला’ अशी कळते. दुकानदार फसवतो असं म्हणायचं नाही मला. पातळी जुळवण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही, एवढंच.

दुकान ओळखीचं असेल तर अनामत ठेवून तो डॅक शनिवार-रविवार घरी आणा. दोन्ही डॅक ॲम्पच्या दोन वेगळ्या इनपुटला जोडा. एकाला लॅपटॉप, दुसऱ्याला फोन चालेल. 50 हर्ट्झचा टोन लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. (50 च का? स्वस्तातले मीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला वाट्टेल ते आकडे दाखवतात.) ॲम्पचा व्हॉल्यूम असा ठेवा की कमी आवाजाच्या डॅकवर 2.00 व्होल्ट दिसतील. मग ॲम्पला हात न लावता, दुसऱ्या डॅकचा स्वतःचा व्हॉल्यूम उतरवून त्यालाही 1.98 ते 2.02 च्या आत आणा. हा फरक 0.1 डेसिबलच्या आतबाहेर राहतो. आता एकच फाइल दोन्हींकडे लावा, इनपुट घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागून बदलायला सांगा आणि कागदावर टिपत जा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर खुशाल घ्या, मी तुम्हाला अडवणार नाही. माझा अनुभव असा की चौथ्या-पाचव्या वेळेला माणूस गप्प होतो.

याचं कारण साधं आहे. आज 10–12 हजारांच्या चांगल्या डॅकचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारी विकृती, 0.001 टक्क्याच्या खाली असतं. बुकशेल्फ स्पीकर जरा मोठ्याने वाजवला की खर्जात त्याचं एक टक्का सहज होतं. कोंडलेपण शोधायचं तर कुठे, हे यावरून कळावं. ‘768 किलोहर्ट्झ’ वगैरे सॅम्पलिंग दराच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्याच्या) आकड्यांनीही भुलू नका. 2007 साली मेयर आणि मोरान या संशोधकांनी एसएसीडीचा (सीडीहून जास्त बारकाव्याने ध्वनिमुद्रण साठवणाऱ्या तबकडीचा) आवाज मध्येच सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून काढून लोकांना ऐकवला होता. नेहमीच्या पातळीला ऐकणाऱ्यांना दोन्हींत फरक सांगता आला नाही. आणि तुमची नाट्यगीतं तर 78 च्या तबकड्यांवरून उतरवलेली. त्यातली खरखर 60 हजारांचा डॅकही इमानेइतबारे वाजवेल.

आर-टू-आर, नॉन-ओव्हरसॅम्पलिंग डॅकबद्दलही (चिपऐवजी रेझिस्टरच्या साखळीवर चालणारे, मधले नमुने न भरणारे) कुणीतरी सांगेलच. त्यांचा आवाज ‘गोड’ लागतो हे खरं आहे. सीडीच्या दराला त्यांचा 20 किलोहर्ट्झचा आवाज सुमारे 3 डेसिबलने उतरलेला असतो, धार थोडी बोथट होते. आवडत असेल तर जरूर ऐका, पण तो ट्रेबल कमी करण्याचा महागडा मार्ग आहे. चिपच्या नावावरून वाद घालण्यात तर काहीच अर्थ नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम या डॅक-चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला, तेव्हा कित्येक कंपन्यांनी आपल्या डॅकमध्ये ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप बसवून विक्री चालू ठेवली.

आता तुमची घूं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. घूं गेली तर दोष डॅकचा नाही. चार्जरच्या वाटेने येणारा करंट यूएसबीच्या ग्राउंडवरून ॲम्पमध्ये शिरतोय. यूएसबी आयसोलेटर (विजेची ही वाट तोडणारी डबी) लावा, किंवा लॅपटॉपऐवजी ऑप्टिकल आउटपुट असलेला स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारं यंत्र) वापरा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे करंटची ही वाटच तुटते. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

विंडोजमध्ये आवाजात आपसूक फेरफार करणारं ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ चालू राहिलंय का तेही बघा. मला तुमच्या कोंडलेपणाचा पहिला संशय त्याचाच आहे. दुसरा संशय स्पीकरच्या जागेचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते भिंतीतल्या शोकेसच्या कप्प्यात दिसतायत, आजूबाजूला ट्रॉफ्या आणि काचेची सरकती दारं. कप्प्यात खालचे सूर फुगतात आणि त्यांच्याखाली तानपुऱ्याच्या वरच्या सुरांची बारीक किनार दबते. स्टँडवर घ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे. समोर टाइल्सवर जाडसर सतरंजी टाका. स्टँड सुताराकडून करून घेतलेत तरी काम भागतं.

डॅक बदलायची रास्त कारणं असतात, नाही असं नाही. जुन्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नसेल, तो 48 किलोहर्ट्झच्या वर जातच नसेल आणि तुमच्याकडे 96 च्या फाइली असतील, आउटपुटच दीड-पाऊण व्होल्टचं असेल आणि ॲम्पचा व्हॉल्यूम पूर्ण उघडावा लागत असेल, किंवा टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट आणि रिमोट हवा असेल, तर बदला. तेव्हाही 10–15 हजारांत भागेल. उरलेल्या 45 हजारांत स्पीकर एक पायरी वर नेता येतील. ते ऐकायला जाताना मात्र आपलीच फाइल पेनड्राइव्हवर न्या, ज्यात नुसता तानपुरा अर्धा मिनिट वाजतो आणि मग आवाज लागतो अशी.